टी-बकेट हॉट रॉडसाठी जलरोधक कव्हर: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

गाडी टी-बकेट आहे, म्हणजे हॉट रॉडचा (जुन्या गाडीच्या धर्तीवर, ताकदवान इंजिन घालून घडवलेल्या गाडीचा) एक प्रकार. फोर्डच्या मॉडेल टी रोडस्टरच्या धर्तीवरची फायबरग्लासची बॉडी, दोन माणसं जेमतेम बसतील एवढी. पुढे सरळ उभी काच, काचेपुढे उघडं व्ही-८ इंजिन, मागे टीचभर हौदा. मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, छप्पर तर नाहीच. १९५० च्या दशकात अमेरिकेत हॉट रॉड बांधणाऱ्या नॉर्म ग्राबाव्स्कीच्या गाडीने ही घडण गाजवली आणि तेव्हापासून हिच्या मालकांचा पावसाशी उभा दावा आहे.

तयार कव्हरं घालून पाहिली. ती बंद छपराच्या गाड्यांसाठी बेतलेली असतात. छपरावर पडलेलं पाणी चारी बाजूंनी ओघळून जाईल हे त्यात गृहीत धरलेलं असतं. इथे छपराच्या जागी खड्डा आहे, त्यामुळे कापड काचेवरून थेट सीटमध्ये झोल खातं. मागची रुंद चाकं बॉडीच्या बाहेर आलेली, म्हणून मागे कापड ताणलेलं आणि पुढे इंजिनाच्या बाजूने ढगळ. मोठ्या मापाचं घेतलं तर वाऱ्यात शिडासारखं फुगतं, लहान मापाचं घेतलं तर हवा आत घेणाऱ्या नळ्यांवर अडकून फाटतं.

ठरवलं ते असं: चाकं, चेसिस, रेडिएटर भिजले तरी चालतील, ते रस्त्यावरही भिजतात. पाणी दोन ठिकाणी जाता कामा नये. एक, बसायची जागा, कारण सीटचा फोम एकदा भिजला की आठवडाभर वाळत नाही आणि डॅशबोर्डमागची वायरिंग तिथेच आहे. दुसरं, कार्ब्युरेटरचं (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) तोंड. तिथून पाणी सिलिंडरमध्ये उतरलं आणि कुणी स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. म्हणून कव्हर दोन भागांत करायचं: बसायच्या जागेचं एक, इंजिनाची टोपी वेगळी.

१५ जानेवारी

कापडाला हात लावण्याआधी आकार पाहायला घेतला. पॉलिथिनची साधी पातळ शीट काचेच्या वरच्या कडेपासून हौद्यापर्यंत ताणली, दोरीने बांधली आणि वरून पाइपने पाणी सोडलं.

कितीही ताणली तरी मध्ये तळं झालं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर, म्हणजे १० किलो. त्या वजनाने कापड आणखी खाली जातं, खोलगटपणा वाढला की पाणी आणखी साचतं. नुसत्या ताणाच्या जोरावर हे थांबत नाही. आतून आधार हवाच.

दुसरी अडचण स्टिअरिंगची. टी-बकेटमध्ये ते जवळजवळ उभं असतं आणि दाराच्या कडेच्या बरंच वर येतं. शीट त्याच्यावर टेकून डावीकडे एक टेंगूळ तयार झालं. टेंगूळ आणि काच यांच्यामध्ये दुसरं तळं.

१८ जानेवारी

आधार म्हणून काचेच्या चौकटीच्या मध्यापासून हौद्याच्या मागच्या फळीपर्यंत नायलॉनचा पट्टा ताणला. कोरडा होता तोवर मोठा डौलदार उतार दिसला. ओला झाल्यावर पट्टा सैलावला. नायलॉन पाणी पितं आणि लांबतं. रात्रभर भिजल्यावर मधली कडा चांगली चार बोटं खाली आलेली. पट्टा काढून त्याच रुंदीचा पॉलिएस्टरचा लावला, तो जागचा हलला नाही.

पट्ट्याने लांबीची कडा मिळाली, पण स्टिअरिंगपासून सुटका नाही. म्हणून तंबूत वापरतात तसे फायबरग्लासचे दोन दांडे आडवे, कमानीसारखे वाकवून बसवले. एक स्टिअरिंगच्या किंचित पुढे, दुसरा सीटच्या पाठीच्या वर. पुढची कमान उंच, मागची ठेंगणी. दांड्यांची टोकं बॉडीवर टेकवायची नाहीत, रंगाला भोकं पाडतील. कव्हरलाच आतून खिसे शिवून त्यात टोकं अडकवायची.

पुन्हा पॉलिथिन, पुन्हा पाइप. कमानींची उंची कमी-जास्त करत गेलो. प्रत्येक ३० सेंटिमीटरला निदान ८ सेंटिमीटर उतार मिळाला की पाणी न रेंगाळता निघून जातं. त्याहून कमी उतार असला तर पॉलिथिनवरून तरी ओघळतं, पण विणलेल्या कापडावर थेंब थबकतात. ही आकडेमोड माझ्या गाडीपुरती. तुमच्या काचेची उंची वेगळी असेल तर पाइप घेऊन बसा, दुसरा उपाय नाही.

२२ जानेवारी

कापड. यावर लोक महिनोन् महिने चर्चा करतात.

पीव्हीसीचा लेप दिलेली जाड ताडपत्री पूर्ण जलरोधक, शिवायला दणकट, पण श्वास घेत नाही. खालची ओल खालीच राहते आणि क्रोम डाग धरतं. थंडीत कडक होते आणि घडीवर चिरते. सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगून स्वतःच स्वतःची भोकं बुजवतो, ते फार छान, पण जड होतो, बुरशी धरतो आणि आवळतो. पॉलिएस्टरला आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापड हलकं आणि सोयीचं. उन्हात लेप काही वर्षांत सोलायला लागतो.

मी रंगीत धाग्याचं विणलेलं ॲक्रिलिक घेतलं, चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम वजनाचं. सनब्रेला हे त्यातलं सगळ्यात माहीत असलेलं नाव. १९६१ मध्ये ते दुकानांच्या पुढे लावायच्या कापडी छपरांसाठी बाजारात आलं आणि नंतर बोटींवर गेलं. धागा ओढण्याआधीच त्यात रंग मिसळलेला असतो, म्हणून उन्हात विटत नाही. हवा खेळते. एक गोष्ट मात्र विकणारे हळू आवाजात सांगतात: हे कापड पाणी झटकतं, अडवून धरत नाही. पाणी त्याच्यावर साचलं किंवा आतून काही घासून टेकलं, की झिरपतं. ज्याला उतार देता येत नाही त्याने हे घेऊ नये.

बोटींची कव्हरं शिवणारे ओळखीतले एक काका आहेत. त्यांना नमुने दाखवले. त्यांनी बोटांत चोळून परत दिले आणि म्हणाले, "कापड कुठलंही घे. शिवण कुठे पडते ते दाखव." दाखवायला तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं.

२९ जानेवारी

साचा. हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आणि इथेच काम बनतं किंवा बिघडतं.

पातळ पॉलिथिनचा साचा करू नका. चिकटपट्टीने ताणताना ते लांबतं, काढल्यावर परत आखडतं आणि माप कुठलंच खरं राहत नाही. माझी एक संध्याकाळ त्यात गेली. नंतर आत जाळी असलेली पारदर्शक शीट आणली. ती ताणली तरी लांबत नाही. रंगावर फक्त रंगारी वापरतात ती हलक्या गोंदाची पट्टी लावायची, साधी खाकी पट्टी रात्रभर राहिली तर रंगाचा पापुद्रा घेऊन येते.

कमानी आणि पट्टा जागेवर लावूनच साचा घ्यायचा. हे सांगायची गरज वाटू नये, पण लोक नुसत्या गाडीवर माप घेतात आणि मग आत आधार घातल्यावर कव्हर खाली पोचत नाही.

साच्यावर हे सगळं लिहून ठेवलं: मधली रेघ, पुढची दिशा, बाहेरची बाजू, शिवण कुठे येणार, शिवणीत माया (कडेला जादा सोडलेलं कापड) किती, आणि जोडताना दोन तुकडे जुळावेत म्हणून दर १५ सेंटिमीटरला आडवी खूण. खुणांशिवाय लांब शिवणीत वरचं कापड पुढे सरकतं आणि शेवटी दोन बोटांचा फरक येतो.

अर्धा साचा काढून उलटवायचा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. कारखान्यातून आलेल्या गाडीला चालत असेल. माझ्या बॉडीची उजवी बाजू डावीपेक्षा जवळजवळ दोन सेंटिमीटर रुंद निघाली. साच्यात हाताने थर देऊन काढलेली फायबरग्लासची बॉडी, मग चेसिसवर बसवताना कुणीतरी पाचर मारलेली, त्यात स्टिअरिंग एका बाजूला आणि आरसाही एकाच बाजूला. दोन्ही बाजूंचा साचा वेगळा काढला.

४ फेब्रुवारी

शिवण कुठे पडणार ते आता ठरवलं आणि काकांना साचा नेऊन दाखवला.

कापडाचा पन्हा १५२ सेंटिमीटर. बॉडीची रुंदी आणि दोन्ही बाजूंचा उतार एकाच पन्ह्यात बसतो, म्हणजे वरच्या कडेवर लांबीची शिवण लागतच नाही. मुख्य तुकडा एकच, काचेच्या वरच्या कडेपासून हौद्यापर्यंत. काचेपुढे उतरणारा तुकडा वेगळा, मागचा पडदा वेगळा आणि दोन्ही बाजूंना खाली झालर.

काकांनी काचेवरच्या शिवणीवर बोट ठेवलं. शिवण बरोबर काचेच्या धारेवर येत होती: पाणी पडायची पहिली जागा, कापड सगळ्यात जास्त ताणलेलं तिथेच आणि घासायलाही तिथेच. ती शिवण धारेच्या दहा सेंटिमीटर पुढे, उभ्या भागावर सरकवली. उभ्या भागावरून पाणी सरळ खाली जातं, सुईच्या भोकात शिरायला त्याला सवड मिळत नाही.

७ फेब्रुवारी

कापणी. ॲक्रिलिकची कड कात्रीने कापली की सुटते, म्हणून गरम पात्याने कापून कड वितळवून घेतली. खाली काच ठेवायची, लाकूड ठेवलं तर जळतं. धूर डोक्यात जातो, खिडकी उघडी हवी. पात्याचा वेग एकसारखा ठेवावा लागतो. थांबलात तर वितळलेला गोळा तयार होतो, तो कडक होतो आणि नंतर त्यावरून टीप मारताना सुई मोडते.

सगळीकडे दीड सेंटिमीटर माया. मागच्या पडद्याला मात्र चार सोडली, कारण तिथल्या मापावर विश्वास नव्हता.

९ ते १६ फेब्रुवारी

शिलाई. घरचं शिवणयंत्र दोन थर सहज घेतं, चार थर कुरकुरत घेतं, सहा थरांवर थांबतं. कोपऱ्यांवर मोटर बंद करून चाक हाताने फिरवावं लागलं. वरचं आणि खालचं कापड एकत्र ओढणारा चालता पाय असलेलं यंत्र भाड्याने किंवा उसनं मिळत असेल तर आणा, माझा निम्मा वेळ वाचला असता.

दोरा पॉलिएस्टरचा, टेक्स ७० जाडीचा. सुई ११० नंबरची. नायलॉनचा दोरा हाताला मजबूत लागतो, पण ऊन त्याला पॉलिएस्टरपेक्षा लवकर खातं. सुती दोऱ्याचा विचारही नको. टाक्याची लांबी साडेचार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाके घातले तर कापडाला भोकांची रांग पडते, तिथून ते तिकिटासारखं फाटतं आणि पाण्यालाही तेवढ्याच वाटा मिळतात.

टाचण्या लावायच्या नाहीत, प्रत्येक टाचणी म्हणजे एक भोक. सहा मिलिमीटरची दुहेरी चिकटपट्टी लावून तुकडे जोडले. त्याचा त्रास असा की गोंद सुईला लागतो आणि टाके सुटायला लागतात. मी दोऱ्याचा ताण बदलत बसलो, बॉबिन बदलली, यंत्र उघडून पाहिलं. शेवटी सुई स्पिरिटच्या फडक्याने पुसली आणि टाके सरळ आले. मग दर थोड्या वेळाने पुसणं हा नेम केला.

शिवण जीनच्या पॅंटला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन टिपा. तिची दुमड कुठल्या बाजूला पडते याला महत्त्व आहे. वरचा तुकडा खालच्यावर आला पाहिजे, कौलांवर जसं वरचं कौल खालच्यावर येतं तसं. मागच्या पडद्याची दुमड उलट पडली होती, तोंड वर, म्हणजे पाण्यासाठी पन्हाळच. उसवली. उसवल्यावर कळलं की ॲक्रिलिकमधली सुईची भोकं बुजत नाहीत, रांगच्या रांग तशीच दिसते. मागे चार सेंटिमीटर माया सोडली होती ती इथे उपयोगी पडली. नवी शिवण थोडी आत घेतली आणि जुनी भोकं दुमडीच्या पोटात गेली. बाकीच्या शिवणींत हे जमलं नसतं, तुकडा नवा कापावा लागला असता.

२१ फेब्रुवारी

काचेचे दोन कोपरे. पितळी चौकट, कोपरा काटकोनात, धार चांगलीच. नुसतं कापड तिथे एका वादळात जाईल.

आतून चामड्याचं ठिगळ लावलं. दिसायला सुंदर. पाण्याची चाचणी व्हायच्या आधीच, दमट हवेत त्याचा तपकिरी रंग कापडात उतरला. शिवाय चामडं ओल धरून ठेवतं आणि पितळ काळवंडतं. काढून त्याजागी पीव्हीसीच्या ताडपत्रीचं ठिगळ लावलं, कोपऱ्यापेक्षा सगळीकडून तीन बोटं मोठं आणि कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपऱ्याचं ठिगळ कोपऱ्यातूनच सुटायला लागतं. चौकटीवर पाण्याच्या नळाला गुंडाळतात तो फोमचा पोकळ पाइप उभा चिरून बसवला. कव्हर घालण्याआधी तो लावायचा. कापडाला जाडसर गोल कड मिळते आणि उतारही किंचित वाढतो.

२५ फेब्रुवारी

पाण्याची पहिली खरी चाचणी. सीटवर आणि जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. कुठे गळतंय ते शोधायला याहून चांगलं साधन नाही, थेंब पडला की डाग दिसतो आणि डागाच्या सरळ वर पाहायचं.

पाणी खालून वर मारत जायचं. आधी फक्त झालर भिजवायची, दहा मिनिटं थांबायचं, आत पाहायचं. मग बाजू, मग मागचा पडदा, शेवटी माथा. सुरुवातच माथ्यावरून केली तर सगळंच ओलं होतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

झालर कोरडी. बाजू कोरड्या. मागच्या पडद्याची नवी शिवण कोरडी, याचं विशेष समाधान वाटलं. माथ्यावर पाणी मारल्यावर तीन ठिकाणी डाग.

पहिला डाग काचेच्या कोपऱ्याखाली, ठिगळाच्या टिपांमधून. ते अपेक्षित होतं, आतून शिवणबंद द्रव लावून मिटलं. तो आतूनच लावायचा, बाहेरून लावला तर ॲक्रिलिकवर चकचकीत ओघळ राहतात.

दुसरा डाग पुढच्या कमानीच्या खिशाखाली. खिसा मी वरच्या तुकड्यावर आरपार टीप मारून शिवला होता, म्हणजे बरोबर माथ्याजवळ चार ओळी भोकं. कितीही द्रव लावला तरी दांड्याचा ताण आला की भोकं उघडतात. खिसे उसवून खाली, झालरीच्या शिवणीत अडकवले. तिथे टीप आधीच होती. माथ्यावर उरलेल्या भोकांवर आतून त्याच कापडाची पट्टी चिकटवून कडा सील केल्या. नीटस दिसत नाही, पण गळत नाही. नवं करणाऱ्याने वरच्या तुकड्यातून एकही टीप आरपार नेऊ नये.

तिसऱ्या डागाने डोकं खाल्लं. सीटच्या मधोमध, वर शिवण नाही, भोक नाही, ठिगळ नाही. शेवटी पट्ट्याला हात लावला तर तो ओलाचिंब. हौद्याच्या फळीवर त्याचं टोक झालरीबाहेर आलं होतं. ते पाणी पिऊन पट्टा आत ओढत होता आणि जिथे किंचित झोल होता तिथे थेंब सोडत होता. बाहेरचं टोक कापून पट्टा पूर्ण आत घेतला, फळीच्या आतल्या कडीला बांधला. बाहेरून आत जाणारी कुठलीही विणलेली वस्तू वातीचं काम करते, हे डोक्यात ठेवून मग कडेचं अस्तरही बदललं. तिथे मऊ फ्लॅनेल लावायचा विचार होता, तो रद्द केला.

३ मार्च

कव्हर गाडीला धरून कसं ठेवायचं. टिच बटणं सगळ्यात नीट बसतात, बोटींवर तीच असतात, पण त्यासाठी बॉडीला भोकं पाडावी लागतात. ज्या रंगासाठी एवढा खटाटोप त्यालाच भोकं पाडणं मला पटलं नाही.

झालरीत सपाट चुंबकं शिवायची युक्ती अनेकांनी सुचवली. सुचवणाऱ्यांच्या गाड्या पत्र्याच्या आहेत. फायबरग्लासला चुंबक लागत नाही! आणि पत्र्याच्या गाडीवरही ही युक्ती वापरणाऱ्याने चुंबकाला चिकटलेला लोखंडी कीस एकदा बोटाने पुसून पाहावा. तो रंगावर घासला जातो.

झालरीच्या खालच्या कडेला नेफा शिवला आणि त्यात आठ मिलिमीटरची लवचिक दोरी ओवली. दोरी बॉडीच्या खालच्या वळणाखाली आवळते. त्याशिवाय चेसिसखालून आडवे दोन पट्टे, प्लॅस्टिकच्या दाबून उघडणाऱ्या बकलांचे. धातूचा आकडा कुठेही नाही. पट्ट्यांची वाट ठरवताना एक्झॉस्टच्या नळ्या पाहून घ्या. माझ्या गाडीच्या नळ्या बाजूने जातात, म्हणून पुढचा पट्टा बराच मागे न्यावा लागला आणि पुढचे दोन कोपरे थोडे ढिले राहिले. तिथे काचेच्या खांबांना बांधायला आतून नाड्या शिवल्या.

१० मार्च

दोन दिवस जोराचा वारा होता, पाऊस नाही. कव्हर जागेवर राहिलं. काढल्यावर डाव्या बाजूला झालरीच्या कडेने रंगावर धुरकट पट्टा. झालर फडफडत होती आणि मध्ये धूळ. पॉलिशने निघाला, पण असं दर वेळी केलं तर रंगच निघेल.

फडफड बंद करणं हाच इलाज, मऊ अस्तर हा नव्हे. अस्तरात धूळ बसली की तो सँडपेपरच होतो. डावीकडे झालर सैल होती, तिथे लहानसा चिमटा घेऊन आवळली. कडेला चार बोटं रुंद मायक्रोफायबरची पट्टी लावली, फक्त जिथे कापड बॉडीला टेकतं तिथे आणि झालरीच्या टोकापासून वर, म्हणजे ती स्वतः पाण्यात भिजणार नाही. धुळीच्या गाडीवर कव्हर घालायचं नाही, आधी धुवायची. इतका वेळ नसेल तर कव्हर न घातलेलं बरं.

१६ मार्च

पाऊस नसताना आत ओल. सकाळी कव्हर उचललं तर डॅशबोर्डवर थेंब. पहिला संशय शिवणींवर गेला आणि त्या तपासण्यात सकाळ गेली. मग आतून हात फिरवला. थेंब शिवणीखाली नव्हते, सगळ्या कापडावर सारखे पसरले होते, फोमवर आणि काचेवरही. गळती नव्हे, दंव. रात्री आतली दमट हवा थंड कापडाला लागते आणि पाणी धरते. श्वास घेणारं कापडही इतक्या बंद जागेत पुरं पडत नाही, विशेषतः आदल्या दिवशी गाडी धुतलेली असेल तर.

मागच्या पडद्यात माथ्याच्या जरा खाली हवेसाठी तळहाताएवढी फट कापली, आतून मच्छरदाणीची जाळी, वरून त्याच कापडाची टोपी. टोपीचं तोंड खाली आणि मागे. ती चपटी होऊन बंद पडू नये म्हणून तिच्या कडेत प्लॅस्टिकची नळी घातली. एका फटीने फारसा फरक पडला नाही. हवा बाहेर जायला वाट होती, आत यायला नव्हती. काचेखाली, दोन कव्हरं एकमेकांवर येणार त्या जागी दोरी थोडी सैल सोडली. आता खालून हवा येते, मागून जाते. थेंब पूर्ण गेले नाहीत, पण सीट कोरडी राहते.

२३ मार्च

इंजिनाची टोपी. बसायच्या जागेच्या मानाने हे काम सोपं गेलं. वर एअर क्लीनर सगळ्यात उंच, तिथून चारी बाजूंना आपोआप उतार. चार कळ्यांची टोपी, शिवणी चारही उतारावर आणि शेंड्यावर त्या एकत्र येतात तिथे गोल ठिगळ चिकटवून मग कडेने एक टीप. कड खाली झडपांच्या झाकणांखाली दोरीने आवळली.

गाडी चालवून आल्यावर लगेच घालायची नाही. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर दोन्ही तापल्यावर वितळतात आणि एक्झॉस्टच्या नळ्या बराच वेळ तापलेल्या राहतात. वितळलेलं कापड क्रोमवरून खरवडून काढावं लागतं. नळीवर हात धरता येईपर्यंत थांबायचं. पाऊस आला तर तोवर इंजिन भिजू दे, पण कार्ब्युरेटरच्या तोंडावर थांबायची वेळ नाही, म्हणून त्याच्यापुरतं एक छोटं रबरी झाकण हौद्यात ठेवतो. त्यावर लाल फीत बांधली आहे, चालू करण्याआधी दिसावी म्हणून.

घालायचा क्रम: आधी इंजिनाची टोपी, मग बसायच्या जागेचं कव्हर. काचेपुढचा तुकडा टोपीच्या मागच्या कडेवर वीतभर आला पाहिजे. उलट घातलं तर काचेवरून येणारं सगळं पाणी टोपीखाली, थेट डिस्ट्रिब्यूटरवर (स्पार्क प्लगांना वीज वाटणाऱ्या भागावर) जातं.

६ एप्रिल

रात्रभर पाऊस, मध्ये वारा. सकाळी वर्तमानपत्रं पाहिली. सीटवरची कोरडी. डाव्या पायाजवळ एक डाग, रुपयाएवढाही नाही. वर कुठे तर स्टिअरिंगच्या चाकाचा माथा कापडाला पुसटसा टेकलेला, तिथे कापड आतून ओलं. फाटलेलं नाही, शिवण नाही, नुसतं टेकलं म्हणून झिरपलं. वाऱ्यात पुढची कमान किंचित मागे झुकते. दांडा लांब करून कमान दोन बोटं उंच केली, खिशाची जागा तीच.

खर्चाचं म्हणाल तर अर्ध्याहून जास्त कापडाचा. दोरा, सुया, गोंदपट्टी, द्रव, बकलं हे सगळं मिळून त्याच्या चौथाईत बसलं. वाया गेलं ते पॉलिथिन, नायलॉनचा पट्टा, चामडं आणि नको असताना आणलेली चुंबकं. वेळ सगळ्यात जास्त शिवणात गेला असं वाटलं होतं, तसं नाही. साचा आणि कमानी यांत त्याहून जास्त गेला, आणि त्यातला एकही तास परत वाचवावा असं वाटत नाही.

२ मे

निगेबद्दल विचारणा झाली म्हणून ही नोंद. ओलं कव्हर घडी करून ठेवू नका, कोरडं होईपर्यंत दोरीवर. घाण झालं तर थंड पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. ड्रायरमध्ये घालायचं नाही, आवळतं. पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळायच्या ऐवजी कापडात पसरायला लागले, की धुऊन, वाळवून फ्लोरोपॉलिमरचा पाणीरोधक फवारा द्यायचा. माझ्या कव्हरवर अजून तशी वेळ आलेली नाही.

मागच्या कमानीच्या उजव्या खिशाचं तळ दांड्याच्या टोकाने घासायला लागलंय. टोकाला रबरी बूच लावलं आहे, आणि खिशात पीव्हीसीचा तुकडा शिवायचा बाकी आहे. साचा गुंडाळून ठेवला आहे. पुढच्या कमानीची वाढवलेली उंची आणि खिशांची सरकवलेली जागा त्याच्यावर लिहिली आहे. ज्यांना मापं हवी आहेत त्यांनी खिशांची आणि शिवणींची जागा त्यावरून घ्या, बॉडीची मापं घेऊ नका. माझी गाडी उजवीकडे दोन सेंटिमीटर रुंद आहे, तुमची कुठे असेल ते तुम्हालाच पाहावं लागेल.